नववीचे काय एवढे!

फुकट सल्ला देण्याची मला फार जुनी खोड आहे. सल्ला मागावयास येणाऱ्याचे निम्मे म्हणणेही ऐकून न घेता मी माझे मत त्याच्या पदरात टाकून मोकळा होतो. आणि पुढे त्या सल्ल्याचे काय झाले, याची चौकशी करण्याच्या भरीस सहसा पडत नाही. सल्ला देणाराने मागे वळून पाहू नये, हे या व्यवसायातले पहिले पथ्य होय. परंतु एकदा मला मागे वळून पाहावे लागले. त्या वेळी मी उच्चारलेले शब्द अवघे तीन होते. 'नववीचे काय एवढे!'

हे शब्द मी २०१९ सालच्या आश्विनात आमच्या राहनाळच्या घराच्या ओट्यावर बसून उच्चारले. ठाण्याहून भिवंडीकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यावर, अंजूरफाट्याच्या अलीकडे आमचे गाव आहे. माझ्या लहानपणी ओट्यावरून भाताची खाचरे दिसत. आता गोदामांच्या पत्र्याच्या पाठी दिसतात, आणि मालमोटारींची रांग कधी तुटत नाही. साऱ्या देशाने घरबसल्या मागविलेला माल या गोदामांत येऊन पडतो आणि येथूनच पुन्हा घरोघर जातो. अशाच एका गोदामात हमाली करणारा एक गृहस्थ खानदेशातून येऊन आमच्या मागच्या चाळीत बिऱ्हाड करून राहिला होता. त्याची थोरली मुलगी तेव्हा नववीत होती आणि धाकटा मुलगा तिसरीत.

त्या पावसाळ्यात मुलीची आई तापाने अंथरुणास खिळली. ताप उतरला, पण अशक्तपणा दोन महिने हटेना. घरातली चूल, पाणी, धाकट्या भावाचे न्हाणेखाणे हे सारे त्या चौदा वर्षांच्या पोरीवर येऊन पडले. शाळेचे किती दिवस बुडाले, याची गणती तिलाच ठाऊक. दिवाळीपूर्वीची सत्रपरीक्षा तिने कशीबशी दिली, आणि गणितात शंभरांपैकी एकेचाळीस गुण घेऊन ती माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मी तिला अधूनमधून गणित सांगत असे, म्हणून तो कागद मला दाखविणे तिला प्राप्त होते. तिचा चेहरा पडलेला होता. मी कागदाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि मोठ्या उदारपणे म्हणालो, "नववीचं काय एवढं! ते कोण विचारतो? दहावीला भरून काढ."

तिचा चेहरा उजळला. आईसाठी भाकरी टाकावयाची राहिली आहे, असे म्हणून ती धावत निघून गेली. आपण एका जिवाचे ओझे हलके केले, या समाधानात मी चहा मागविला.

माझा सल्ला त्या दिवसापुरता अगदी निर्दोष होता, हे मी शपथेवर सांगेन. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली आणि रानडे व भांडारकर तीत उत्तीर्ण झाले, तेव्हापासून आमच्या समाजाने शालेय जीवनाचा सारा भार एकाच परीक्षेवर टाकला आहे. परीक्षेचे नाव बदलले, ती घेणारे मंडळ बदलले, अकरावीची दहावी झाली; १९७५ साली त्या नव्या दहावीच्या पहिल्या तुकडीत मीही बसलो होतो. परंतु शेवटच्या वर्षाखेरीज इतर वर्षांचे गुण कोणी पुढे विचारीत नाही, हा नियम मात्र ढळला नाही. नववी हे वर्ष म्हणजे घाट चढण्यापूर्वीची धर्मशाळा. तेथे कोणी पाय पसरले तर त्यास दोष देऊ नये, असेच आम्ही सारे समजत आलो.

पुढे पाच महिन्यांनी साथ आली. २३ मार्च २०२० रोजी दहावीच्या मुलांचा भूगोलाचा एक पेपर राहिला होता, तो पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला; इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण देण्यात आले. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही त्याच सुमारास रद्द झाली, आणि पहिल्या सत्राच्या व वर्षातल्या चाचण्यांच्या आधारे मुले वरच्या वर्गात गेली. आमच्या गावात त्या वेळी या गोष्टीकडे लक्ष देण्यास कोणास सवड नव्हती. भिवंडीचे यंत्रमाग बंद पडले होते. ज्यांच्या खडखडाटाने आजवर झोप लागत नसे, त्यांच्या शांततेने आता झोप लागेना. मे महिन्याच्या आरंभी येथल्या भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे मजुरांची खास गाडी सुटली. डोक्यावर बोचकी घेऊन स्थानकाकडे चाललेली ती माणसे पाहताना, एका पोरीचे नववीचे एकेचाळीस गुण कायम झाले आहेत, ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नाही.

मुलगी दहावीत गेली. म्हणजे शाळेच्या पटावर गेली. वर्ग भरत होता तो फोनवर. घरात फोन एक. तो बापाचा, आणि बाप दिवसभर गोदामात. ज्या खोक्यांच्या राशी तो पाठीवरून वाहत होता, त्यांतल्या कित्येकांत नवे कोरे फोनच असतील. परंतु ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी. सायंकाळी तो घरी आला म्हणजे दिवसभराचे पाठ ती रात्री उतरवून घेई, आणि सकाळी वही घेऊन माझ्याकडे येई. ओट्याच्या एका टोकाला ती बसे, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये हातभर रुंदीच्या तीन फरशा आणि दोघांच्याही तोंडाला फडके. प्रमेय समजले की नाही, हे शिक्षकास विद्यार्थ्याच्या ओठांवरून कळते, हे मला त्या वर्षी उमगले. कारण ओठ दिसत नव्हते. तिच्या भुवयांवरून मी अंदाज बांधू लागलो. भूमितीत ती फार चांगली निघाली. मीच तीन पायऱ्यांनी सोडवीत आलो होतो असे एक उदाहरण तिने दोन पायऱ्यांत सोडविले, तेव्हा ठाण्याच्या एका नावाजलेल्या महाविद्यालयात विज्ञानशाखेला जाण्याचा तिचा मनोदय तिने मला प्रथम सांगितला.

२०२१ च्या एप्रिलात माझा धाकटा भाऊ गेला. आठ दिवसांचे दुखणे. शेवटचे तीन दिवस त्याचा आवाजही आम्हांस ऐकावयास मिळाला नाही. त्याच महिन्याच्या २० तारखेस राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाल्याचे वृत्त आले. वर्तमानपत्र हाती घेऊन मी मनाशी म्हटले, फार उत्तम झाले. पंधरा लाखांहून अधिक मुले परीक्षेच्या खोल्यांत दाटीने बसवून, मग त्यांना घरोघर परत पाठविण्याचा विचार ज्यांच्या मनात अजून होता, त्यांनी आमच्या घरी येऊन भावाचा रिकामा पलंग पाहावयास हवा होता. आजही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही.

परंतु परीक्षा रद्द करता आली तरी निकाल रद्द करता येत नव्हता; कारण पुढे अकरावीच्या प्रवेशाचा दरवाजा होता आणि दरवाज्यावर रांग होती. २८ मे रोजी निकालाची रीत जाहीर झाली. दर विषयाचे शंभर गुण. त्यांपैकी तीस दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे, वीस गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकाचे, आणि उरलेले पन्नास नववीच्या निकालाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही न आणता आली. ओट्याच्या तिच्या टोकाला उभी राहून म्हणाली, "काका, नववीचे धरणार आहेत."

माझ्या सल्ल्याची तिने आठवण दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले. कित्येकदा समोरच्या माणसाने आपल्यास बोल लावावा, अशी आपली फार इच्छा असते. कारण मग आपणांस स्वतःच्या समर्थनार्थ काही बोलता येते. ती नुसती उभी राहिली. मी चष्मा पुशीत राहिलो.

त्या रीतीत एक आशेची खिडकी ठेवलेली होती. अकरावीच्या प्रवेशासाठी एक ऐच्छिक सामाईक परीक्षा व्हावयाची होती. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे मिळून शंभर गुण, दोन तास. आणि जे ही परीक्षा देतील त्यांस प्रवेशात अग्रक्रम. तारीख ठरली २१ ऑगस्ट. ती खिडकी पाहताच मुलीने कंबर बांधली. जून आणि जुलै असे दोन महिने तिने जो अभ्यास केला, तसा मी १९७५ साली केला नव्हता, आणि माझ्या मुलांनीही पुढे केला नाही. पहाटे चाळीतले नळ सुटण्यापूर्वी तिचा दिवा लागलेला असे.

१६ जुलैला निकाल लागला. संकेतस्थळ उघडेना म्हणून सारा दिवस तळमळण्यात गेला. अखेर रात्री आकडे दिसले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ साली, तो ७७.१० टक्के होता. शंभरपैकी शंभर टक्के मिळविणारी मुले ९५७, आणि नव्वद टक्क्यांच्या पलीकडे गेलेल्यांची संख्या लाखाच्यावर. आमच्या मुलीस मिळाले चौऱ्याहत्तर टक्के. एखाद्या साध्या वर्षी या आकड्यावर चाळीत पेढे वाटले गेले असते. त्या वर्षी तिच्या आईने, 'पास झाली ना?' एवढेच विचारले, आणि मुलीने 'सगळेच झाले' असे उत्तर देऊन पुस्तक उघडले. तिचे लक्ष २१ ऑगस्टकडे होते.

१० ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरविली. दुसऱ्या मंडळाच्या एका विद्यार्थिनीनेच न्यायालयाचे दार ठोठावले होते. परीक्षेचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच असल्याने इतर मंडळांच्या मुलांवर अन्याय होतो. शिवाय लस न मिळालेल्या मुलांना साथीत परीक्षेस बसविणे म्हणजे त्यांच्या जीवितास धोका. सबब अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांवरच प्रवेश द्यावेत, असा निकालाचा आशय होता. मी तो दोनदा वाचला. त्यातले एकही कारण मला खोडून काढता आले नाही. माझ्या भावाच्या तसबिरीवरचा हार अजून सुकावयाचा होता. मी कोणत्या तोंडाने ते कारण खोडणार?

सायंकाळी ती आली आणि फरशीवर बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही. गोदामाच्या फाटकापाशी एक मालमोटार मागे घेताना वाजत होती, तिचा आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "काका, मला एकदा नीट विचारायला तरी हवं होतं त्यांनी."

परीक्षेविरुद्ध आजवर जितके लिहिले गेले, त्यातले बरेचसे मी वाचले आहे, आणि काही भर मीही घातली आहे. परीक्षा घोकंपट्टीला उत्तेजन देते, परीक्षा कोवळ्या मनाला चिरडते, तीन तासांत माणूस मोजता येत नाही, हे सारे खरेच. परंतु परीक्षेकडे पाहण्याची जी बाजू त्या मुलीच्या एका वाक्याने मला दाखविली, ती माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो. ती तपासणारा परका असतो. त्याला तुमचा बाप हमाल आहे हे ठाऊक नसते; घरात फोन एकच आहे, शाळेत तुम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसता, शुद्ध बोलता की खानदेशी हेल काढता, हे काही ठाऊक नसते. ओळखीच्यांच्या जगात ज्याचे कोणी नाही, त्याला हा परका माणूस मोठा आधार असतो. श्रीमंताच्या मुलाला जगात पुष्कळ दरवाजे आहेत. आमच्या मुलीला 'मला विचारा' असे म्हणण्याची तेवढी एकच जागा होती.

ही गोष्ट काही राहनाळपुरती नाही. इंग्लंडात २०२० साली परीक्षा न घेता एका गणिती सूत्राने गुण ठरविण्यात आले. त्या सूत्रात शाळेचे मागील वर्षांचे निकाल धरलेले होते. म्हणजे सामान्य शाळेतल्या बुद्धिमान मुलाला त्याच्या आधीच्या मुलांनी मागे ओढले. शिक्षकांनी अंदाजलेल्या गुणांपैकी सुमारे चाळीस टक्के खाली आले, मुले रस्त्यावर उतरली, आणि चार दिवसांत सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. चीनने आपली प्रचंड प्रवेशपरीक्षा महिनाभर पुढे ढकलली, पण सोडली नाही. अमेरिकेत कित्येक विद्यापीठांनी प्रवेशपरीक्षेची सक्ती साथीच्या काळात उठविली, आणि तिच्या वाचून गरिबांना न्याय मिळेल असे अनेकांस वाटले. परंतु मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञानसंस्थेने २०२२ साली ती सक्ती पुन्हा आणली, आणि कारण दिले ते असे की, साधने नसलेल्या मुलांमधील पात्रता ओळखण्यास ही परीक्षाच उपयोगी पडते. ते वाचताना मला आमच्या ओट्यावरचे वाक्य आठवले.

इतके लिहून मी थांबलो असतो तर हा लेख परीक्षेचे स्तोत्र झाला असता. परंतु आमच्याच आळीत त्याच वर्षी दहावीत असलेला आणखी एक मुलगा होता. त्याचा बाप त्याच एप्रिलात गेला, माझ्या भावाच्या मागोमाग. मुलगा नववीत पहिल्या तिघांत आलेला. पण बाप गेल्यावर त्याने पुस्तकाला हात लावला नाही. दिवसभर तो रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजी. परीक्षा झाली असती तर तो तिला बसलाच नसता. नववीच्या गुणांनी त्याला हात दिला आणि ठाण्यास प्रवेश मिळवून दिला. ज्या नियमाने एकीला बुडविले, त्याच नियमाने दुसऱ्याला तारले. आणि दोघांच्या घरांत अंतर तीस पावलांचे. मग न्याय कोणता म्हणावा? परीक्षा त्या एका दिवसाचा ताप मोजते, आणि वर्षभराचे मूल्यमापन वर्षभराचे दैव मोजते. निखळ बुद्धी मोजणारा तराजू साथीपूर्वीही आमच्यापाशी नव्हता. साथीने एवढेच केले की, तराजूवरचे फडके बाजूला झाले.

माझ्या सल्ल्याविषयी मी पुष्कळ दिवस विचार केला. प्रथम मला वाटले की, मी तिचे नुकसान केले. प्रत्येक वर्ष महत्त्वाचे असते, कोणता कागद केव्हा पुढे येईल याचा नेम नाही, असे मी तिला सांगावयास हवे होते. पण मग मनात आले, ते ऐकून ती त्या आश्विनात काय करणार होती? आजारी आईला तशीच टाकून ती गणिते सोडवीत बसली असती काय? बसली असती तर ते मला आवडले असते काय? आणि प्रत्येक वहीचे पान पुढे आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होईल, अशा धास्तीने जे मूल वाढेल, त्याचे बालपण म्हणजे एक न संपणारा खटलाच व्हावयाचा. मुलाला निदान एक वर्ष असे असावे, जे कोणी मोजणार नाही. त्या वर्षात त्याने आजारी पडावे, आईची सेवा करावी, नापासाच्या काठापर्यंत जाऊन परत यावे. माझे ते तीन शब्द खोटे नव्हते. परीक्षेच्या खोलीत परक्या माणसाने विचारलेला प्रश्न हा जसा त्या मुलीचा हक्क, तसेच न मोजलेले वर्ष हाही तिचा हक्कच. आणि तिचे दुर्दैव असे की, त्या साथीने तिचे दोन्ही हक्क एकदम हिरावून घेतले. सरकारने घेतले नाहीत, न्यायालयाने घेतले नाहीत. ज्याच्यावर रागवावे असा माणूसच तेथे कोणी नव्हता. म्हणून तिला रडताना मी पाहिले ते एकदाच, आणि तेही पाठमोरी.

ठाण्याच्या त्या महाविद्यालयाच्या यादीत तिचे नाव लागले नाही. भिवंडीतच विज्ञानशाखेस प्रवेश मिळाला. २०२३ च्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा पूर्ववत् झाली, आणि पहिला पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा मी भाजी घेण्याच्या निमित्ताने केंद्रापाशी उभा होतो. भोवतालच्या मुली उत्तरे पडताळीत होत्या, काही रडवेल्या झाल्या होत्या. हिच्या बोटांना शाई लागलेली होती आणि ती हसत होती. परीक्षा कशी गेली, असे मी विचारले. "विचारलं त्यांनी," ती म्हणाली. गुण चांगले पडले. पुढेही तिने विज्ञानाचीच वाट धरली आहे.

तेव्हा तिसरीत असलेला तिचा भाऊ आता नववीत आला आहे. परवा सत्रपरीक्षेच्या आदल्या सायंकाळी तो गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारीत होता. त्याची आई माझ्या ओट्याशी येऊन म्हणाली, "काका, उद्या पेपर आहे. तुमचं ऐकतो तो. त्याला काहीतरी सांगा ना."

सल्ला माझ्या जिभेच्या टोकावर आला. कोणता ते मात्र मला सांगता येत नाही. एकाच वेळी दोन आले होते आणि दोन्ही खरे होते. मी बहिणीकडे पाहिले. ती दारात उभी राहून भावाचा खेळ पाहत होती.

"अंधार पडेपर्यंत खेळू दे त्याला, आई," ती म्हणाली. "मग मी बसते त्याच्याजवळ."

मी काहीच बोललो नाही. मी न दिलेला तो पहिलाच सल्ला असावा.